कासवीची नजर



आज मी तुमच्याशी कासवाच्या पिल्लाविषयी बोलणार आहे. कवीनं पावसाविषयी बोलावं, फुलांविषयी बोलावं, फार तर एखाद्या पक्ष्याविषयी बोलावं. हे कासव मध्येच कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. पण गेली काही वर्षं हे पिल्लू आपल्या कोल्हापुरातल्या घराघरांत शिरलेलं मी पाहतो आहे. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात काचेच्या पेट्यांशेजारी एक उथळ भांडं असतं. त्यात नाण्यापेक्षा जराशी मोठी, हिरवीगार पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. मूल हट्ट धरतं, किंमत परवडण्यासारखी असते, आणि पिशवीतल्या पाण्यासकट पिल्लू घरी येतं. कुणी ते वाढदिवसाला देतं, कुणी नव्या घराच्या वास्तुशांतीला. मग चार दिवसांनी प्रश्न सुरू होतात. हे खातं काय? याला ऊन लागतं का? यानं डोळे का मिटलेत?

या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत. फक्त ती पिल्लू आणण्याआधी विचारायची असतात.

कासव आपल्या मराठीला नवं नाही. आपल्या संतकवींनी एक सुंदर कल्पना वारंवार वापरली आहे. कासवी म्हणे पिल्लांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही, पंखाखालीही घेत नाही; ती दुरून नुसती पाहते आणि त्या नजरेवरच पिल्लं वाढतात. देवाची कृपा भक्तावर कशी असते, ते सांगायला हा दाखला दिला जातो. कीर्तनात तो ऐकला नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच.

प्राणिशास्त्र मात्र वेगळंच सांगतं. कासवाची मादी खड्डा करते, अंडी घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जवळ कुणी नसतं. आई कशी दिसते, हे त्याला जन्मभर कळत नाही. चालणं, पोहणं, खाणं, लपणं सारं जन्माबरोबर आलेलं. म्हणजे संतांची कासवी निसर्गात नाही. पण पिल्लू एकदा माणसाच्या घरात आलं की तीच कासवी त्याला लागते. कारण भांड्यात ठेवलेल्या पिल्लाला ऊन शोधता येत नाही, सावली शोधता येत नाही, खाणंही शोधता येत नाही. कुत्रं भुंकून सांगतं, मांजर पायात घोटाळतं, पोपट ओरडतो. कासव काहीच सांगत नाही. त्याचं दुखणं फक्त पाहूनच कळतं. आपण ‘देखरेख’ म्हणतो, त्या शब्दात आधी ‘देख’ आहे, तो उगाच नाही.

आता आधी ओळख करून घेऊ. मराठीत आपण जमिनीवरच्यालाही कासव म्हणतो, तळ्यातल्यालाही कासव आणि समुद्रातल्यालाही कासवच. एकच शब्द असल्यामुळे घोटाळे होतात. जमिनीवरचं कासव कुणी पाण्याच्या टबात ठेवतं आणि ते बुडून मरतं. पाण्यातलं कासव कुणी कोरड्या खोक्यात ठेवतं आणि ते तहानेनं, भुकेनं झुरतं.

जमिनीवरच्या कासवांत आपल्या देशातलं सर्वांत देखणं म्हणजे तारा कासव. पाठीच्या प्रत्येक उंचवट्यावर पिवळ्या रेषा चांदणीसारख्या फाकलेल्या असतात. दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू आणि वायव्येला गुजरात, राजस्थान हे त्याचं घर. त्याचं देखणेपण त्याच्या जिवावर उठलं. परदेशातल्या हौशी लोकांसाठी त्याची पिल्लं बॅगांत कोंबून विमानानं पळवली जात होती, म्हणून २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारानं त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. तळ्या-विहिरीतलं, मऊ पाठीचं देशी कासव आपल्या भागात सर्वांच्या ओळखीचं. विहिरीचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून पूर्वी ते विहिरीत सोडत. ही दोन्ही कासवं पकडणं, विकणं, घरात बाळगणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. आपण प्रेमानं ठेवलंय, त्याला काजू-बदाम चारतोय, असं सांगून सुटका होत नाही.

त्यात अंधश्रद्धेची भर. वीस नखांचं कासव मिळालं की पैशांचा पाऊस पडतो, असं सांगून लुबाडणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी हा पाऊस काही थांबलेला नाही. त्या पावसात भिजतो तो गरीब माणूस, आणि मरतं ते कासव. घरात भाग्यासाठी कासव हवंच असेल तर आपल्या गुजरीत चांदीची कासवाची अंगठी मिळते. ती घाला. तिला ऊन लागत नाही, भूक लागत नाही, आणि वनखात्याचा माणूसही दारात येत नाही.

मग दुकानात उघडपणे मिळतं ते कुठलं? ते बहुधा अमेरिकेतलं असतं. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं हे पाण्यातलं कासव. डोळ्यामागे, कान असावा त्या जागी, लाल पट्टा असतो, म्हणून त्याला लाल कानाचं कासव म्हणतात. त्याचं पिल्लू इंच-सव्वा इंचाचं. पण नीट जगलं तर त्याची मादी जेवणाच्या ताटाएवढी होते आणि वीस-तीस वर्षं सोबत करते. दुकानदार हे सांगतोच असं नाही. ‘भांडं लहान ठेवलं की ते लहानच राहतं’ असं सांगणारेही भेटतात. ते साफ खोटं आहे. भांडं लहान ठेवलं की ते आजारी पडतं.

आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगतो. शेजारच्या घरात चौथीतल्या मुलीला वाढदिवसाला असं पिल्लू मिळालं. तिनं त्याचं नाव मोती ठेवलं. तीन महिन्यांनी ती भांडं घेऊन आमच्या दारात उभी. म्हणाली, “चाचा, हे डोळंच उघडंना झालंय. खाईना पण.” पाहिलं तर दोन्ही पापण्या सुजून फुगलेल्या. पाठीला बोट लावलं तर जुन्या पुठ्ठ्यासारखी दबत होती. भांडं स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवलेलं, उन्हाची तिरीपसुद्धा तिथं नाही. खायला काय देता, विचारलं. डबीतली सुकी कोळंबी, आणि ती संपली की बाजारातलं सुकट. घरचे लोक निष्काळजी नव्हते. त्यांना जे सांगितलं गेलं होतं, ते ते मनापासून करत होते.

आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जे समजावलं, ते तेव्हापासून मी अनेकांना सांगत आलो आहे. आज तुम्हालाही सांगतो.

पहिली गोष्ट ऊन. कासवाची पाठ म्हणजे डोक्यावर घेतलेलं घमेलं नव्हे. ती त्याची हाडं आहेत. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन, एकमेकांना जोडून ती ढाल झालेली असते. तिला स्पर्श कळतो, इजा झाली तर वेदनाही होते. म्हणून पाठीवर रंग लावू नये, मुलाचं नाव कोरू नये. या हाडांना कॅल्शियम लागतं, आणि कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. ते अंगावर थेट ऊन पडल्यावरच तयार होतं. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. हवा तो किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन अर्धा-पाऊण तास रोज मिळायला हवं, पण भांड्याच्या अर्ध्या भागात सावली हवी. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर काचेची पेटी ठेवून विसरलात, तर पाणी तापून पिल्लू तासाभरात मरू शकतं. आणि आपल्याकडे जून ते ऑगस्ट आभाळ फाटलेलं असतं, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा अतिनील किरणांचा दिवा लावावा लागतो. साधा बल्ब ऊब देतो, पण ते किरण देत नाही.

उन्हाचं बोलतोय तर आपल्या अंबाबाईच्या देवळाची आठवण होणारच. किरणोत्सवात मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, मग कासव चौक ओलांडून पितळी उंबऱ्याकडे सरकतात. दगडी कासवावरून ऊन पुढं गेलं की गर्दीत कुजबुज सुरू होते. वाटेतल्या इमारतींनी किरण अडतात, म्हणून किती वर्षं आपलं शहर चर्चा करत आहे. आपल्या घरांचंही तसंच झालंय. चहूबाजूंनी मजले उठले आणि बाल्कनीत ऊन येईनासं झालं. ज्या घरात ऊन पोहोचत नाही, त्या घरात कासव आणू नये. इतका साधा हिशोब आहे.

दुसरी गोष्ट पाणी. पाण्यातल्या कासवाला पोहण्याइतकं पाणी हवं, आणि पूर्ण बाहेर येऊन अंग वाळवायला कोरडी जागाही हवी. रुंद टब घ्यावा. त्यात उतरता, सहज चढता येईल असा सपाट दगड ठेवावा. पाणी निदान त्याच्या पाठीच्या रुंदीइतकं खोल असावं. त्याहून कमी असलं तर उलटं पडलेलं पिल्लू सरळ होऊ शकत नाही. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून मग वापरावं, म्हणजे क्लोरिनचा वास जातो. पिल्लाचं पाणी लवकर घाण होतं, ते रोज बदलावं. पाणी साधारण सव्वीस-अठ्ठावीस अंश उबदार लागतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कोल्हापुरात गारठा असतो, तेव्हा पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं. त्याला उबेची सोय हवी.

तिसरी गोष्ट खाणं. हे कासव पाण्यातच गिळू शकतं, म्हणून खाणं पाण्यात द्यावं. चांगल्या दर्जाच्या गोळ्या, अधूनमधून लहान मासा, गांडूळ. जसं मोठं होईल तसं पालेभाजी, गाजराचा कीस वाढवावा, कारण लहानपणी ते बरंचसं मांसाहारी असतं आणि वयाबरोबर शाकाहाराकडे झुकतं. पालक रोज नको. त्यातला एक घटक कॅल्शियम अंगी लागू देत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा. ते कुरतडतं आणि कॅल्शियम मिळतं. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं तर अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात. मोतीचं तेच झालं होतं. बाजारातलं सुकट खारवलेलं असलं तर आणखी अपाय. भात, चपाती, ब्रेड, दूध यांतलं काहीही देऊ नये.

जमिनीवरच्या कासवांचं गणित उलटं असतं. त्यांना गवत, पाला, झाडांची पानं हवीत. मांसमासे, अंडी देऊ नयेत. पिल्लाला रोज थोडा वेळ हनुवटीखाली राहील इतक्या कोमट पाण्यात ठेवतात. हे अशासाठी सांगतो, की रस्त्यात सापडलेलं कासव घेऊन वनखात्याकडे पोचवेपर्यंत तरी त्याचे हाल होऊ नयेत. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक लक्षात ठेवा.

चौथी गोष्ट माणसांच्या काळजीची. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासव त्यानं आजारी दिसत नाही, पण लहान मुलाला जोराचे जुलाब, ताप होऊ शकतो. अमेरिकेत मुलं अशी इतकी आजारी पडू लागली, की १९७५ साली तिथं चार इंचांपेक्षा लहान कासव विकायलाच बंदी झाली. मुलं एवढुशी कासवं तोंडात घालत. म्हणून हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत, टब स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर थांबावं.

मोती वाचलं. डॉक्टरांनी अ जीवनसत्त्व मोजून दिलं. ते जास्त झालं तरी वाईट, म्हणून स्वतःच्या मनानं औषध आणू नये. टब गच्चीच्या जिन्याजवळ गेला. महिना-दीड महिन्यानं त्यानं डोळे उघडले. त्या मुलीनं एक वही केली होती. आज खाल्लं का, दगडावर चढलं का, सरळ पोहतं का तिरकं. कारण तिरकं तरंगू लागलं तर छातीत कफ झालेला असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या वहीत औषधापेक्षा जास्त गुण होता, असं मला वाटतं. नऊ वर्षांच्या पोरीची ती कासवीची नजर होती.

असंच एक वहीवालं माणूस इंग्लंडात होऊन गेलं. गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री. १७८० साली आत्याच्या माघारी तिचं कासव त्यांच्याकडे आलं. टिमथी त्याचं नाव. ते जमिनीत कधी पुरून घेतं, कधी वर येतं, काय खातं, पावसाआधी काय करतं, हे ते वर्षानुवर्षं लिहून ठेवत राहिले. टिमथी धन्यामागे वर्षभर जगलं, आणि मग कळलं की ते नर नसून मादी होतं. इतकी वर्षं रोज पाहूनही काही शिल्लक राहतंच. माणसांच्या बाबतीत तरी वेगळं कुठं असतं?

आता खरी अडचण सांगतो. मोती मोठं झालं. मुलगी दहावीला आली, टब पुरेना, वास येऊ लागला. घरात ठरलं, रंकाळ्यात सोडू या. पुण्यही लागेल आणि प्रश्नही सुटेल. हा विचार शेकडो घरांत होतो, म्हणून जरा थांबून ऐका.

माझी आजी हदीसमधली एक गोष्ट सांगायची. एका बाईनं मांजर कोंडून ठेवलं. तिनं त्याला खायलाही घातलं नाही आणि आपलं आपण शोधून खावं म्हणून सोडलंही नाही. ते उपाशी मेलं, आणि त्या पापापायी ती बाई नरकात गेली. लहानपणी मला वाटायचं, सोडून दिलं असतं की झालं असतं. मांजराच्या बाबतीत ते खरंच होतं. परदेशी कासवाच्या बाबतीत सोडून देणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या ताटात टाकणं आहे. हे कासव दांडगं असतं. ते देशी कासवांचं खाणं खातं, उन्हाच्या जागा बळकावतं, माशांची पिल्लं, बेडूक, पाणवनस्पती कशालाच सोडत नाही, आणि सोबत नवे रोग आणतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघानं त्याची आयात १९९७ सालीच थांबवली. आपल्याकडे गुवाहाटीतल्या देवळाच्या तळ्यापासून केरळातल्या कालव्यांपर्यंत ते सापडलं आहे. रंकाळा असो, कोटीतीर्थ असो की पंचगंगा, त्या पाण्यात आधीच आपण काय कमी टाकलंय?

आणि यात दोष त्या कासवाचा नाही. ते स्वतःहून समुद्र ओलांडून आलेलं नाही.

त्या घरानं मोतीला सोडलं नाही. घरातल्या आजोबांनी जुना सिमेंटचा हौद दुरुस्त करून घेतला. मुलगी आता शिकायला पुण्यात असते. फोनवर आईवडिलांच्या आधी मोतीची चौकशी करते, अशी तिच्या आईची तक्रार असते. प्रत्येक घरात हौद नसतो, हे मला कळतं. ज्यांना झेपत नाही, त्यांनी जाणकार पाळणाऱ्याकडे किंवा प्राण्यांची सोडवणूक करणाऱ्या संस्थेकडे द्यावं, वनविभागाला विचारावं. तळ्यात मात्र सोडू नये.

मुलांना कासवाचं वेड लागलं तर काय करावं, याला आपल्याच महाराष्ट्रात एक छान उत्तर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचं गाव आहे. तिथं समुद्री कासवांची अंडी पूर्वी चोरीला जात, कोल्हीकुत्री उकरून खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना सोबत घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली. कुंपणाच्या आत खड्ड्यांत अंडी ठेवायची, पन्नासेक दिवस पहारा करायचा, वाळू खचली की टोपली उचलून पाहायची, आणि पिल्लं निघाली की ती समुद्राच्या दिशेनं वाळूवर ठेवून बाजूला व्हायचं. पुढं चालायचं ते पिल्लानंच. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथं कासव महोत्सव होतो. गावातल्या घरांत राहायची, जेवायची सोय असते. ज्या गावात अंडी चोरीला जात होती, त्याच गावाला आज कासवांमुळे पाहुणे मिळतात. तिथं कुणी पिल्लू घरी आणत नाही. तरी मुलं ते पाहून येतात, ते विसरत नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, पिल्लू आणायचं मनात असेल तर आधी स्वतःला विचारा: घरात ऊन येतं का, आणि वीस वर्षांनी याच्याकडे पाहायला कोण असेल? उत्तर मिळालं नाही तर मुलाचं बोट धरून वेळासची एसटी पकडा. आणि घरात पिल्लू आधीच आलं असेल, तर आज संध्याकाळी टीव्ही जरा बंद करा. टबापाशी बसा आणि दहा मिनिटं त्याच्याकडे नुसतं पाहा. डोळे उघडे आहेत का, पाठ टणक आहे का, ते सरळ पोहतं का. काही चुकतंय असं दिसलं तर उद्याच डॉक्टरांकडे न्या. ते स्वतः सांगायला येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)